विश्लेषण : माळ गळ्यात, नोव्हेना बुधवारी, लग्न नोंदणी पद्धतीने… मग धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

बुधवारी मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर रांग लागते. नोव्हेनासाठी मेणबत्त्या घेऊन उभे असलेले सगळेच ख्रिस्ती नसतात. आदल्या दिवशी सिद्धिविनायकाला जाऊन आलेले असतात, कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणी जवळच्याच मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवून आलेले असते. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मात्र याच माणसांपुढे सरकारी अर्ज आला की ‘धर्म’ या रकान्यात एकच शब्द लिहावा लागतो.

देशाची पुढची जनगणना दोन टप्प्यांत होत आहे. माणसांच्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे (बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६). स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत धर्म विचारला गेला आहे. त्यामुळे आपली खरी श्रद्धा आणि कागदावरचा धर्म वेगळे असतील तर काय, हा प्रश्न अनेकांना पडतो. झारखंडमधल्या सरना मानणाऱ्यांना तो पडतो, तसाच विदर्भातल्या गोंडांना, आंबेडकरी बौद्धांना आणि देवच न मानणाऱ्यांनाही. हा रकाना कसा बनला, त्यात काय लिहिता येते आणि त्या एका शब्दावर काय काय अवलंबून असते, ते पाहू.

धर्माचा प्रश्न कधीपासून विचारला जातो?

ब्रिटिशांनी १८७२ मध्ये पहिली जनगणना केली, ती देशभर एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळची पहिली मोजणी १८८१ ची. दोन्हींत धर्माचा प्रश्न होता. इंग्लंडमधल्या जनगणनेच्या तक्त्यात त्या काळी धर्म विचारत नसत, इथे मात्र तो पहिल्यापासून आहे.

अडचणही पहिल्यापासूनच होती. १९११ मध्ये मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्यांना गुजरातमध्ये असे समाज सापडले ज्यांचे काही विधी हिंदू होते, तर काही मुस्लिम. त्यांनी ‘हिंदू-मुसलमान’ असा मधला गट केला. वरिष्ठांना तो रुचला नाही. माणूस इकडचा तरी असावा किंवा तिकडचा तरी, हा त्यांचा आग्रह होता. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर तेव्हापासून हे ‘सिंगल सिलेक्ट’ फील्ड आहे. एकच बटण दाबता येते, ‘लागू असलेले सर्व निवडा’ हा पर्याय नाही.

आदिवासींचे उलटे झाले. स्वातंत्र्यापूर्वीच्या जनगणनांत त्यांच्या श्रद्धांसाठी वेगवेगळ्या नावांनी का होईना, स्वतंत्र गट असायचा. त्यातली काही नावे आज वाचवत नाहीत, पण गट होता. १९५१ पासून तो गेला.

२०११ मध्ये हा रकाना नेमका कसा होता?

२०११ च्या तक्त्यात धर्म हा सातवा प्रश्न होता. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६ असे सहा कोड होते. या सहांत नसाल तर धर्माचे नाव पूर्ण लिहायचे आणि कोडची चौकट रिकामी ठेवायची.

प्रगणकांना, म्हणजे घरोघरी येणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना, दिलेल्या सूचना आजही वाचण्यासारख्या आहेत. समोरचा सांगेल तेच लिहायचे. नावावरून किंवा भाषेवरून धर्म ठरवायचा नाही. जातीची आणि धर्माची गल्लत करायची नाही. वाद घालायचा नाही. धर्म नाही असे कुणी सांगितले तर तसे लिहायचे. आणि कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच घरातल्या सगळ्यांचा, असे गृहीत धरायचे नाही. सून, भाडेकरू, घरी राहणारा नोकर, प्रत्येकाला वेगळे विचारायचे.

ही शेवटची सूचना कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात दार उघडणारा एक माणूस सगळ्यांची उत्तरे देतो. पुण्यात नोकरी करणारी मुलगी स्वतःला नास्तिक म्हणवत असेल, पण वडील ‘सगळे हिंदूच लिहा’ म्हणाले की ती हिंदू होते. तिला कळतही नाही.

‘इतर’मध्ये कोण कोण आहेत?

२०११ च्या धर्मनिहाय आकडेवारीला जाहीर व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. १२१ कोटींपैकी ७९.८ टक्के हिंदू, १४.२ टक्के मुस्लिम, २.३ टक्के ख्रिश्चन, १.७ टक्के शीख, ०.७ टक्के बौद्ध, ०.४ टक्के जैन. बातम्या एवढ्यावरच झाल्या. खाली आणखी दोन ओळी होत्या : ‘इतर धर्म व श्रद्धा’ सुमारे ७९ लाख, आणि ‘धर्म सांगितला नाही’ सुमारे २९ लाख.

‘इतर’ची ओळ उघडली की वेगळाच देश दिसतो. त्यात सर्वांत मोठा गट सरना मानणाऱ्यांचा आहे, ४९ लाख ५७ हजार. सरना म्हणजे गावाजवळची सालवृक्षांची राई, जिथे ग्रामदेवतेची पूजा होते. यातले बहुतेक झारखंडचे. आता शेजारचा आकडा पाहा. देशातले जैन ४४ लाख ५२ हजार. म्हणजे ज्यांना स्वतःचा कोड आहे त्या धर्मापेक्षा, हाताने नाव लिहावे लागणाऱ्या धर्माचे लोक जास्त भरले. झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी ‘सरना आदिवासी धर्म कोड’चा ठराव मंजूर करून केंद्राकडे पाठवला, त्यामागे हा हिशेब आहे. आदिवासी श्रद्धांची नावे इतकी आहेत की प्रत्येकाला कोड देणे व्यवहार्य नाही, ही केंद्राची भूमिका राहिली आहे. मागणी करणारे विचारतात, प्रत्येकाला नका देऊ, पण ५० लाखांच्या गटाला?

गोंडी धर्म लिहिणारे १० लाखांहून अधिक होते. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास पारी कुपार लिंगोच्या नावाने मोठी यात्रा भरते, अनेक राज्यांतून गोंड येतात. अरुणाचलचा डोन्यी-पोलो, मणिपूरचा सनामही, मेघालयातला खासी हेही याच ओळीत. ५७ हजार २६४ पारशी, साडेचार हजारांच्या आतबाहेर ज्यू आणि बहाईदेखील इथेच. आणि ‘नास्तिक’ असे स्वतःहून लिहिणारे सुमारे ३३ हजार. देवच न मानणाऱ्यांची नोंद ‘इतर धर्म व श्रद्धा’ या मथळ्याखाली व्हावी, यातला विनोद तक्ता बनवणाऱ्यांच्या लक्षात आला असेल का, कोण जाणे.

‘धर्म सांगितला नाही’ हा गट २००१ मध्ये सव्वासात लाखांचा होता, दहा वर्षांत जवळपास चौपट झाला. पण हे सगळे नास्तिक असे म्हणणे चूक ठरेल. कुणी सांगायचे टाळले, कुणाच्या तक्त्यात नोंद राहून गेली, दोन्ही एकाच डब्यात पडतात.

‘धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क आहे का?

आहे. आणि त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, ज्याची पार्श्वभूमी फार कमी जणांना माहीत असते.

ते याचिकाकर्ते नास्तिक नव्हतेच. ते एका लहान ख्रिस्ती पंथाचे होते. येशू ख्रिस्तावर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, पण ‘ख्रिश्चन’ किंवा कुठलाही धर्म आपल्याला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे. येशूने धर्म स्थापन करायला सांगितले नव्हते, ही त्यांची समजूत. राजपत्रात आपला धर्म बदलून ‘कोणताही धर्म नाही’ असे छापावे, असा अर्ज त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे केला. तो फेटाळला गेला. केंद्र आणि राज्य सरकारने न्यायालयात विरोध केला. ‘धर्म नाही’ हा काही धर्म नव्हे, असा युक्तिवाद झाला.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ए. एस. चांदुरकर यांच्या खंडपीठाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात धर्म पाळणे, बदलणे हे जसे येते तसेच कोणताही धर्म न मानणेही येते. एखाद्या अर्जात किंवा घोषणापत्रात धर्म लिहिण्याची सक्ती कोणतीही सरकारी यंत्रणा करू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यातली गुंतागुंत. आपण सहसा आस्तिक म्हणजे धर्म असलेला आणि नास्तिक म्हणजे नसलेला, अशी सरळ वाटणी करतो. इथे देव होता, प्रार्थना होती, संप्रदाय होता, फक्त धर्माचे लेबल नको होते. सरकारी यंत्रणेला हे पटले नाही, न्यायालयाला पटले.

यावर एक शंका येऊ शकते. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक आहे, मग हे कसे जमायचे? कायद्याचे शब्द पाहिले तर उत्तर आपल्या ‘माहितीनुसार किंवा समजुतीनुसार’ द्यायचे असते. ‘धर्म नाही’ हेही उत्तरच आहे. (याच कायद्यात एक जुनी सवलत अजून आहे : रूढीमुळे नवऱ्याचे नाव घेता येत नसेल तर ते सांगण्याची सक्ती स्त्रीवर करता येत नाही.) कलम १५ नुसार या नोंदी गोपनीय असतात, त्या कुणाला पाहता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणजे जनगणनेत काय लिहिले यावरून तुमचा दाखला बदलत नाही, रद्दही होत नाही.

मग लग्न आणि वारसा हक्काचे काय?

इथे गंमत सुरू होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये हिंदू म्हणजे कोण हे श्रद्धेवरून ठरवलेले नाही. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, आर्य समाज आणि मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे अनुयायी हिंदूंत नावानिशी धरले आहेत. बौद्ध, जैन, शीख यांनाही हा कायदा लागू आहे. त्यापुढे, जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही त्यालाही, अपवाद सिद्ध झाला नाही तर, लागू. अनुसूचित जमातींना मात्र केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू नाही. थोडक्यात, हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाने कितीही ठासून सांगितले तरी वारशाच्या बाबतीत तो कायद्याच्या लेखी बहुधा हिंदूच राहतो.

विशेष विवाह कायदा, १९५४ हा दुसरा रस्ता. त्याचा पूर्वज असलेल्या १८७२ च्या कायद्यात लग्न करणाऱ्यांना आपण अमुक अमुक धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ मध्ये ती अट गेली. धर्म न सोडता आंतरधर्मीय लग्न शक्य झाले. ३० दिवसांच्या नोटिशीची सगळ्यांना कल्पना असते. कमी लोकांना माहीत असलेला भाग असा की, एकत्र हिंदू कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली दुसऱ्या धर्माच्या जोडीदाराशी लग्न केले तर ती व्यक्ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते, आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. नवरा-बायको दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे लागू होत नाही.

एका शब्दावर इतके काय अवलंबून असते?

महाराष्ट्रासाठी याचे उत्तर नागपूरपासून सुरू होते. १९५१ मध्ये राज्याच्या आजच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९६१ मध्ये हाच आकडा सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेला. धर्माच्या रकान्यातला शब्द सामूहिक निर्णयाने बदलण्याचे एवढे मोठे उदाहरण भारतात दुसरे नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते, देशातल्या एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक.

पण या शब्दाची किंमतही मोजावी लागली. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीचे मानले होते. १९५६ मध्ये शीख धरले गेले. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या तरी केंद्राच्या नोकऱ्यांत आणि योजनांत दार बंद होते. ३४ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. या काळात मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू अशी कितीतरी घरे राहिली, ती का, हे वेगळे सांगायला नको.

आजही आंबेडकरी वस्त्यांत जनगणनेआधी चर्चा होते ती हीच. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहायचे, यावर बहुतेकांचे एकमत. अनुसूचित जातीच्या रकान्यात मात्र अधिकृत यादीतले जातीचे नाव द्यावे लागते, कारण ‘बौद्ध’ ही जात नाही. जी जात टाकण्यासाठी धर्म बदलला ती पुन्हा लिहायची का, असे काही जण विचारतात. लिहिली नाही तर आपली संख्या घटेल, राखीव जागांच्या हिशेबात फटका बसेल, असे दुसरे सांगतात. दोघेही एकाच घरातले असू शकतात. या वेळी सर्वच जातींची नोंद होणार असल्याने हा पेच आणखी टोकदार होईल.

दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजूनही त्या दाराबाहेर आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि नियमित चर्चला जाणाऱ्या महिलेचा हिंदू अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी त्याचा दर्जा टिकतो, आणि ‘डीलिस्टिंग’ची मागणी करणाऱ्यांचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

लिंगायतांची गोष्ट अशीच अर्धवट लटकलेली आहे. २०१७ मध्ये लातूरला स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी मोठा मेळावा झाला, मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने तशी शिफारस केली, केंद्राने मान्य केली नाही. समाजातही एकमत नाही. जैनांना २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. कोकणात शतकानुशतके तेलघाणी चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणी बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायल समाजाला, ज्यांची मातृभाषा मराठी आहे, राज्यात तो दर्जा २०१६ मध्ये मिळाला. तोवर बहुतेक जण इस्रायलला गेले होते.

जे कुठल्याच रकान्यात मावत नाहीत त्यांचे काय?

गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई आणि ही सायबीण या सात बहिणींपैकी दोघी, अशी लोकांची श्रद्धा आहे. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेच्या छत्र्यांच्या उत्सवात गावच्या बारा वांगडांचा मान असतो आणि त्यांत ख्रिस्ती घराणीही येतात. जनगणनेत ही माणसे हिंदू आणि ख्रिश्चन अशा दोन टक्केवाऱ्या होतात. ती चुकीची नाही, फक्त त्यातून हे काही दिसत नाही.

वारकरी, महानुभाव, नाथपंथी, स्वाध्यायी, श्री स्वामी समर्थांचे सेवेकरी हे सगळे ‘१’ या कोडखाली जातात. संप्रदाय विचारला जात नाही. आषाढीला पंढरपूरला किती वारकरी होते याचा अंदाज दरवर्षी छापून येतो, पण महाराष्ट्रात माळकरी किती, हे जनगणना सांगू शकत नाही. मुस्लिमांमध्ये सुन्नी, शिया, बोहरा हा भेदही तक्त्यात दिसत नाही.

इतर देशांत वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. फ्रान्स जनगणनेत धर्म विचारतच नाही, अमेरिकाही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ पासून विचारतात, पण उत्तर ऐच्छिक आहे. पहिल्याच वेळी तिथे ३ लाख ९० हजार जणांनी आपला धर्म ‘जेडाय’ लिहिला, ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला. ऐच्छिक प्रश्नाला मिळालेले ऐच्छिक उत्तर.

२०२७ मध्ये काय लक्षात ठेवायचे?

ही पहिली डिजिटल जनगणना आहे. प्रगणक मोबाइल ॲपवर नोंद करतील आणि पोर्टलवर स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही आहे. स्वतः भरली की एक क्रमांक मिळतो, तो घरी आलेल्या प्रगणकाला दाखवायचा. घरातल्या सगळ्यांची माहिती बहुधा एकाच फोनवरून भरली जाईल, त्यामुळे भरणाऱ्याने इतरांना विचारले तर बरे. मगाशी सांगितलेल्या पुण्यातल्या मुलीने घरी एक फोन केला तरी पुरे.

यादीत नाव नसलेल्यांसाठी अडचण तांत्रिक आहे आणि तीच मला जास्त गंभीर वाटते. हाताने लिहिलेले किंवा टाइप केलेले नाव जसे असेल तसे मोजले जाते. २०११ मध्ये ‘सरना’ वेगळे मोजले गेले आणि संथाळांमध्ये प्रचलित ‘सारी धर्म’ लिहिणारे ५ लाख ६ हजार वेगळे. श्रद्धा जवळची, पण आकडे दोन. ‘गोंडी’, ‘कोया पुनेम’, ‘आदिवासी’, ‘आदिधर्म’ अशी चार घरांत चार नावे गेली तर चार लहान ओळी तयार होतात आणि ‘तुमची संख्याच कुठे आहे?’ हे उत्तर पुढची दहा वर्षे ऐकावे लागते. म्हणून कोणते नाव आणि ते कसे लिहायचे, हे गावाने आधी ठरवावे लागेल. फेब्रुवारीत प्रगणक दारात उभा असताना ते ठरत नाही.